उकळून काय जाते, काय जात नाही

वर्षावासात दर रविवारी विहारात ग्रंथवाचन होते. वाचन संपले की शेवटचा अर्धा तास आरोग्याचा, अशी चांगली पद्धत पाम भागातल्या एका वस्तीने घातली आहे. मागे एकदा आषाढात मी तिथे गेले आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली. पाणी उकळून प्या, भांडे झाकून ठेवा, हात धुवा. मागे बसलेली एक बाई उठली आणि म्हणाली, "सिस्टर, चार वर्षं मी पाणी उकळतेय. बाटला महिनाभर पुरत नाही. तरी सासूचं बीपी वाढलेलंच, आणि धाकट्याच्या अंगाला खाज सुटतेच. मग मी उकळते ते काय, पाणी का पैसा?"

बायका हसल्या. मला हसू आले नाही, कारण तिचे बरोबर होते. नोकरीत होते तेव्हापासून पाण्याबद्दल मी एकच वाक्य सांगत आले आहे. नर्सिंगच्या पुस्तकात ते होते, भिंतीवरच्या पोस्टरवर होते आणि ते खोटेही नव्हते. पण "उकळून प्या" हे औषध एकाच दुखण्यावरचे आहे. आपल्या भागातल्या पाण्याला आज तीन वेगवेगळी दुखणी लागली आहेत. जंतू, खार आणि रसायन. त्यातले उकळून फक्त पहिले जाते. उरलेली दोन उकळल्याने उलट घट्ट होतात, कारण पाण्याची वाफ उडते आणि मीठ भांड्यातच राहते. चहाच्या टोपाला आतून पांढरा थर बसतो, तो त्यातलाच.

म्हणून आजचा पाठ जरा लांब आहे. पाणी बिघडते कुठे, त्याचा आपल्या ताटाशी काय संबंध, आणि आपण काय करायचे, हे नीट समजून घेऊ.

जंतूंचे पाणी

पाऊस बदलला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, पण त्यांनी ते मोजून दाखवले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच काळात तिथला मोसमी पाऊस एकूणात मात्र कमी होत गेला. म्हणजे पूर्वी जे पाणी आठ दिवस रिपरिप पडायचे, ते आता एका रात्रीत कोसळते.

आपल्या जिल्ह्याची जमीन बहुतेक ठिकाणी काळ्या पाषाणाची आहे. वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली दगड. असल्या जमिनीत पाणी मुरायला सावकाश पाऊस लागतो. धो धो आला तर तो ओहोळाने खाडीला जातो. त्यामुळेच जुलैत वस्तीत गुडघाभर पाणी आणि एप्रिलमध्ये विहिरीत तळ, हे दोन्ही एकाच वर्षात घडते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो, त्याचे एक कारण हेच.

मुसळधार पावसात गटार, शौचालयाचा शोषखड्डा आणि विहीर यांचे पाणी एकमेकांत मिसळते. चाळीच्या एकाच आवारात एका कोपऱ्यात बोअरवेल आणि दुसऱ्या कोपऱ्यात शोषखड्डा असेल, तर पूर यायचीही गरज नाही. दोघांमध्ये किमान पंधरा मीटर, म्हणजे साधारण पन्नास फूट अंतर हवे. किती चाळीत असते?

या पाण्याला उकळणे हे औषध बरोबर लागू पडते. खळखळ उकळी आली की एक मिनिट पुरे. वीस मिनिटे उकळत ठेवून गॅस जाळू नका. इंधन नसेल तर क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी काचेसारखे दिसते आणि आपण फसतो.

जुलाब लागलेच तर ओआरएस पहिल्या जुलाबापासून सुरू करा, सलाईनची वाट बघू नका. लहान मुलाला झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची असते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळी बंद करू नका. अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवा. डोळे खोल गेले, मूल पिईनासे झाले, सहा तास लघवी झाली नाही, शी मध्ये रक्त दिसले, तर घरी थांबायचे नाही.

खारे पाणी

हे जरा उलगडून सांगते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही.

दांडी, नवापूर, आलेवाडीकडच्या किनाऱ्याच्या वाळूच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वाटीत पाण्यावर तेल तरंगावे तसे. गोडे हलके, खारे जड. ढोबळ हिशोब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक हात वर असेल तर खाली चाळीस हातांपर्यंत गोडे पाणी असते. आता हाच हिशोब उलटा करा. मोटर लावून वरची पातळी एक हात उतरवली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस हात वर सरकायला मोकळे होते. म्हणून किनाऱ्याजवळ जितकी खोल बोअर, तितके पाणी खारट निघते. बोअर मारणारा मात्र फुटाने पैसे घेऊन निघून जातो. त्यात समुद्राची पातळी वाढते आहे आणि उधाणाचे पाणी खाडीतून आत शिरते आहे.

खाऱ्या पाण्याने तहान भागत नाही एवढेच आपल्याला कळते. बांगलादेशात खुलना जिल्ह्याच्या किनारी भागात संशोधकांनी गरोदर बायकांची तपासणी केली. जिथे पिण्याचे पाणी जास्त खारे, तिथे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचे आणि त्यातून झटके येण्याच्या धोक्याचे प्रमाण जास्त आढळले. त्या बायका जेवणात मीठ जास्त खात होत्या असे नव्हे. मीठ हंड्यातूनच येत होते.

विहारातल्या त्या बाईच्या सासूला मी घरी जाऊन भेटले. गोळ्या नियमित चालू होत्या, जेवण अळणी केले होते, आणि पाणी बोअरचे. चव घेतली तर जिभेला कळण्याइतके खारट. रक्तदाब वाढायला वय, काळजी, तंबाखूची मिश्री अशी दहा कारणे असतात, त्यामुळे पाण्यावर सगळे खापर मी फोडणार नाही. पण डॉक्टरांना "आमचे पाणी खारे आहे" हे सांगितलेच पाहिजे. त्यांच्या कागदावर त्यासाठी रकाना नसतो. गरोदर बाई, रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा रोगी घरात असेल, तर निदान त्यांच्या पिण्याचे पाणी नळाचे किंवा गोड्या विहिरीचे वेगळे भरून ठेवा. ओआरएसची पुडीही गोड्या पाण्यातच घाला. खाऱ्या पाण्यात घातली तर बाळाच्या पोटात मीठ जास्त जाते.

रसायनाचे पाणी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. त्यात सगळ्यात वर तारापूर होते, ९३.६९ गुण. शाळेत इतके गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते.

कारखान्यांचे सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रात जाते आणि तिथून नवापूरकडे समुद्रात. प्रक्रिया केंद्राच्या कुवतीपेक्षा जास्त पाणी आले, किंवा कुणी रात्री टँकर नाल्यात मोकळा केला, की ते नाल्यात, खाडीत, शेतात आणि जमिनीत उतरते. याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये शंभराहून अधिक कारखाने आणि प्रक्रिया केंद्र यांच्यावर मिळून शंभर कोटींहून जास्त रुपयांची पर्यावरण भरपाई ठरवली. हे मासेमार बांधवांनी केले. ज्यांची जाळी रिकामी येऊ लागली तेच कोर्टात उभे राहिले, हे आपण विसरू नये.

आता एक अवघड गोष्ट. त्याच कारखान्यांत आपली माणसे ठेक्यावर काम करतात. टाकी धुणारा, ड्रम लोटणारा, रात्रपाळीला व्हॉल्व उघडणारा हात आपल्याच वस्तीतला असतो. कंपनी बंद झाली की मालक दुसरीकडे जातो, आणि पहिल्या दिवशी चूल विझते ती ठेक्यावरच्या कामगाराची. म्हणून "कंपन्या बंद करा" ही घोषणा मी देत नाही. प्रक्रिया करा, मोजा आणि मोजलेले सांगा, एवढे मागणे कामगारालाही मागता येते. त्यात त्याच्या घरच्या हंड्याचा प्रश्न आहे.

पाण्याला रंग, फेस, रॉकेलसारखा किंवा औषधासारखा वास येत असेल, पाण्यावर तेलकट तवंग दिसत असेल, तर ते पाणी उकळू नका. काही द्रव्ये वाफेबरोबर घरात पसरतात आणि उरलेली भांड्यात घट्ट होतात. त्या पाण्याने आंघोळ नको, भाजी धुणे नको, जनावरालाही नको. आरओ मशीन बरेचसे क्षार काढते, पण सगळी रसायने काढते अशी हमी नाही. वीस लिटरच्या थंड जारचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हाही एक समज आहे. सील नसलेल्या, शिक्का नसलेल्या जारमध्ये कुठले पाणी भरले, ते भरणाऱ्यालाच माहीत. थंड असले की चव कळत नाही.

पाणी आधी कुणाचे?

"बुद्ध आणि त्यांचा धम्म" आपल्या घरोघरी वाचले जाते. सिद्धार्थाने घर सोडले ते म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात युद्ध होऊ घातले होते, त्याला विरोध केला म्हणून, अशी मांडणी बाबासाहेबांनी त्यात केली आहे. शेताला पाणी आधी कुणी घ्यायचे यावरून तो वाद होता. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा, असे सिद्धार्थाचे म्हणणे होते. बाबासाहेब स्वतः १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजनांची पायाभरणी त्यांच्या खात्यात झाली. नदीचे पाणी कुणाच्या वाट्याला जाते, याचा त्यांनी राज्यकर्ता म्हणूनही विचार केला होता.

आपली रोहिणी म्हणजे सूर्या नदी. धामणी आणि कवडास इथे पाणी अडवले ते मुख्यतः पालघर-डहाणूच्या शेतीसाठी. पुढे शहरे वाढली. आजच्या सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेत रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांसाठी आहे, वसई-विरारला १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे रोजचे ५५ लिटर धरतात, शहरात १३५ लिटरचे माप लावतात. ५५ लिटरच्या मापाने ४०३ दशलक्ष लिटर म्हणजे ७३ लाख माणसांचे पाणी. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाखांच्या आत होती.

मी शहराच्या विरोधात नाही. नालासोपारा-विरारच्या चाळींत आपल्याच बहिणी राहतात, त्यांनाही पहाटे तीनला नळाखाली उभे राहावे लागते. प्रश्न एवढाच आहे, की वाटप ठरले तेव्हा पाच माणसे बसली होती का, आणि त्यात कालव्याच्या टोकाचे कुणी होते का. कालव्याचे पाणी फक्त शेताला जात नाही. झिरपून ते आजूबाजूच्या विहिरींनाही भरते. कालवा कोरडा राहिला की त्या गावांच्या विहिरीही लवकर बसतात.

ताटातून काय गेले

भाताचे बांधलेले शेत म्हणजे चार महिन्यांचे तळे. एका एकरात दहा सेंटीमीटर पाणी उभे राहिले तर ते चार लाख लिटर होते. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. हे पाणी सावकाश खाली मुरते. त्याच एकरावर मुरमाचा भराव टाकून गोदाम किंवा चाळ उभी राहिली, की हे चाळीस टँकर शेजारच्या वस्तीत शिरतात आणि विहिरीला काही मिळत नाही. आपल्यातले कितीतरी जण अशाच भरावावरच्या खोलीत राहतात, हेही खरे. खोली घेताना खाली काय होते ते कोण विचारतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या नावावर सातबारा नाही. तरी त्या शेताने आपल्याला खायला घातले आहे. पहिल्या पावसात ओहोळातून वर चढणारी वलगणीची मासळी, बांधावरचे मुठे आणि चिंबोऱ्या, टाकळा, कुर्डू, शेवळी, कर्टोली. हे सगळे फुकट मिळायचे. शेत विकले गेले तेव्हा मालकाला मोबदला मिळाला. टाकळ्याचा आणि मुठ्यांचा मोबदला कुणाला मिळाला? कुठल्याच पंचनाम्यात ते आले नाहीत.

रेशनवर माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. त्याने पोट भरते. पण रक्त वाढायला डाळ, मासळी, पालेभाजी लागते, आणि नेमके तेच बाजारातून विकत घ्यावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. गोळ्या आशाताई देतात, त्या घ्याच. चहा जेवणाबरोबर घेऊ नका, पालेभाजीवर लिंबू पिळा. पण वलगण थांबली आणि बायकांचे रक्त कमी झाले, या दोन गोष्टी मी आता वेगवेगळ्या मानत नाही. नाल्याकाठची भाजी मात्र जपून. ज्या नाल्याला रसायनाचा वास येतो त्याच्या काठचा टाकळा कितीही हिरवागार दिसला तरी सोडून द्या.

सुकी मासळी हे आपले पावसाळ्याचे मटण. बोंबील आणि जवळा उन्हात वाळतो, त्याला कोरडे ऊन सलग मिळावे लागते. अवेळी पाऊस आला की वलांडीवरचा माल कुजतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेले, त्या आधी २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा या वादळांच्या दिवसांत कापलेले भात शेतातच भिजले. अरबी समुद्र तापतो आहे, आणि त्यामुळे तिथली वादळे वाढली आहेत. आता वाढवण बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव होणार आहे. मासळीच्या जागा जाणार म्हणून मच्छीमार विरोध करत आले आहेत. जवळ्याचा भाव वाढेल तेव्हा त्याचा संबंध आपल्यालाही कळेल.

भिजलेल्या धान्याबद्दल एक सूचना. हिरवी-काळी बुरशी धरलेला तांदूळ, शेंगदाणा, मासळी पुन्हा उन्हात घालून खाऊ नका. बुरशीचे विष धुऊन, वाळवून किंवा शिजवून जात नाही, आणि ते यकृतावर जाते. बोंबील-जवळा बहुतेक बिनमिठाचा वाळवलेला असतो, तो रक्तदाबवाल्याला थोडा चालतो. खारवलेली मासळी नको.

मग करायचे काय

महाडला २० मार्च १९२७ रोजी आपल्या लोकांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. आज आपल्या वस्तीच्या विहिरीला हात लावायला कुणी अडवत नाही. पण त्यात काय मिसळले आहे, ते सांगायलाही कुणी येत नाही. ते विचारायचे आहे, आणि विचारायच्या जागा ठरलेल्या आहेत.

ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनुसार वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या ग्रामपंचायतीचे कार्ड कोणते, हे ग्रामसभेत विचारा. एक लक्षात ठेवा. हे कार्ड विहिरीभोवतीची घाण, गळती, ब्लिचिंग पावडरचा साठा यांवर ठरते. हिरवे कार्ड म्हणजे पाण्यात रसायन नाही, असा अर्थ होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणी अहवाल वेगळा मागा, आणि त्याची प्रत घ्या. त्यात हे आकडे बघा. एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइड, म्हणजे खार, २५० पर्यंत. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात अजिबात वापरू नका. बाळ निळे पडू शकते, आणि नायट्रेटही उकळून जात नाही.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचे किट वापरायला शिकवायचे ठरले आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे विचारा, आणि त्यांत आपल्या वस्तीची एक असावी असा आग्रह धरा. किटमध्ये खार, नायट्रेट, जडपणा, क्लोरीन कळते. जंतूंसाठी छोटी बाटली असते, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवले आणि काळी पडली तर पाणी दूषित. कारखान्याची द्रव्ये मात्र या किटला कळत नाहीत.

नाल्याला किंवा विहिरीला अचानक रंग आला तर आधी मोबाइलवर फोटो काढा, जागा आणि वेळ लिहा. दोन लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा. ही बाटली आपल्या माहितीसाठी. सरकारी कामाला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने स्वतः घेतलेला नमुनाच चालतो. म्हणून मंडळाच्या तारापूरच्या कार्यालयात लगेच लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि नमुना घेताना आपली दोन माणसे हजर ठेवा. दुसऱ्या दिवशी गेलात तर नाला स्वच्छ वाहत असतो.

त्या वस्तीत आम्ही विहाराच्या कपाटात एक शंभर पानी वही ठेवली आहे. दर पौर्णिमेला वंदनेआधी दोन मुली विहिरीवर जातात आणि दोरीला गाठी मारून पाणी किती हातांवर आहे ते मोजतात. वहीत तारीख, हात, चव, रंग, वास अशी एक ओळ लिहितात, खाली सही करतात. चव घ्यायची ती वास आणि रंग ठीक असेल तरच, आणि जिभेवर ठेवून थुंकायची. ज्या बाईने मला विचारले होते, तिची मोठी मुलगी त्या दोघींपैकी एक आहे. मागच्या पौर्णिमेच्या ओळीत तिने लिहिले आहे: बारा हात, थोडे खारट, रंग नाही. सासूचे पिण्याचे पाणी आता नळावरून वेगळ्या कळशीत येते. धाकट्याची खाज पाण्यामुळेच आहे का, हे अजून ठरलेले नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे त्याला पुढच्या गुरुवारी न्यायचे आहे, वही बरोबर घेऊन.